सोसायटीत पाईपचा गॅस येतोय, आणि म्हणे पन्नास वर्षांत गॅसच संपणार. घ्यावा का?

सांजवात

नमस्कार मंडळी. गोव्यात पर्वरीला आमच्या इमारतीत पाईपचा गॅस घ्यायचा का, यावर रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. चहा-भज्यांपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ उठले आणि म्हणाले, "जगात गॅस पन्नास वर्षं पुरेल एवढाच उरलाय, मी वाचलंय. संपणाऱ्या वस्तूसाठी भिंती कशाला फोडता?" त्यावर दुसरे म्हणाले, पन्नास वर्षांनी आपण कुठे असणार आहोत! निम्मे हसले, निम्मे चिडले आणि मीटिंग बारगळली.

माझे प्रश्न दोन. हा पन्नास वर्षांचा आकडा खरा आहे का? आणि घरात ७६ वर्षांची आई आहे, दिवसभर स्वयंपाकघर तिच्या ताब्यात असतं. तिच्या दृष्टीने सिलिंडर बरा की पाईप? घरात आधीच दोन मतं आहेत (तिचं आणि बाकी सगळ्यांचं), म्हणून धागा काढला.

पोकळ_बांबू

पन्नास वर्षांनी गॅस संपणार हे मी शाळेत असताना ऐकलं होतं. आता माझा मुलगा शाळेत आहे. त्यालाही पन्नासच सांगितलंय. सरकारी काम आणि पन्नास वर्षं थांब.

फोंड्याची_मावशी

आमच्याकडे अजून रस्ताच खणतायत. म्हणजे खणून झालाय, बुजवायचा राहिलाय. पहिल्या पावसात चर खचला आणि शेजाऱ्यांची स्कूटर पुढच्या चाकापर्यंत आत गेली. फोन केला की "ते काम आमच्याकडे नाही" असं उत्तर येतं. अनामत रक्कम मात्र त्यांच्याकडेच आहे.
बाकी वाचतेय.

डंप_मोजणारा

सांजवात, तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आकडा बरोबर वाचलाय, अर्थ चुकीचा लावलाय. जरा लांबण लावतो, कारण या विषयात माझं आयुष्य गेलं. गॅसमध्ये नव्हे, खनिजात. पण हिशेब तोच.

२०२० अखेर जगातले सिद्ध गॅससाठे सुमारे १८८ लाख कोटी घनमीटर होते. त्या वर्षीचं उत्पादन साधारण ३.८५ लाख कोटी. भागाकार करा, ४९ येतात. झाले तुमचे पन्नास. आता १९८० सालात चला. तेव्हा साठे होते ७० लाख कोटींच्या आसपास आणि उत्पादन दीड लाख कोटींहून थोडं कमी. उत्तर परत पन्नासच्या जवळ! चाळीस वर्षं उपसा करून ढीग अडीचपट वाढला. पोकळ_बांबू यांनी विनोद केला असेल, पण गणित तेच सांगतं.

हे कसं होतं ते खाणपट्ट्यातल्या डिचोली-साखळीच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. ऐंशीच्या दशकात मी नोकरीला लागलो तेव्हा ५५ टक्क्यांच्या खालचं लोखंड म्हणजे कचरा. मातीबरोबर उचलायचं आणि डंपवर ओतायचं. माझं काम होतं ते डंप मोजणं. मोजणीचा थिओडोलाईट खांद्यावर, पायाखाली लाल चिखल, घरी आल्यावर बायको अंगणातच पाय धुवायला लावायची. कागदावर त्या ढिगाऱ्यांची किंमत शून्य. पुढे २००० नंतर चीनचं तोंड उघडलं, भाव चढले, आणि तेच डंप लोक परत उकरायला लागले. भारतीय खाण ब्युरोने हेमॅटाईटची (म्हणजे लोखंडाच्या खनिजाची) खालची मर्यादाच ४५ टक्क्यांवर आणली. मी ज्याला वीस वर्षं कचरा लिहीत होतो, त्याला एका रात्रीत 'साठा' लिहायला लागलो. ढीग तोच, सह्या करणारा मीही तोच!

म्हणून 'साठा' म्हणजे जमिनीखाली जे आहे ते नव्हे. आजच्या भावात, आजच्या यंत्रांनी, आजच्या कायद्यात जे काढून विकता येईल तेवढाच साठा. बाकीचं आमच्या भाषेत नुसतं रिसोर्स. त्यातही सिद्ध साठा म्हणजे किमान तेवढा निघण्याची शक्यता ९० टक्के. ५० टक्के शक्यतेचा आकडा वेगळा, १० टक्क्यांचा त्याहून वेगळा. वर्तमानपत्रात बहुधा जो सगळ्यात मोठा असतो तोच येतो.

निखारा

काका, म्हणजे काळजी नको, गॅस कधी संपतच नाही, असं म्हणायचंय का? हे तर तेल कंपन्यांचं आवडतं वाक्य.

डंप_मोजणारा

नाही. उलटी बाजूही आहे आणि तीही आम्ही भोगलीय. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यात खाणी बंद झाल्या. पुढे सुरू झाल्या, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि १५ मार्चला परत सामसूम. त्या दिवशी जमिनीतलं लोखंड कमी झालं का? एक किलोही नाही. पण ट्रक उभे राहिले ते राहिलेच. आमच्या वाड्यावर अजून दोन टिपर आहेत. एकाच्या हौद्यात तेरड्याचं रान माजलंय.

गॅसमध्ये याचा जुळा भाऊ नेदरलँड्समध्ये आहे. ग्रोनिंगेन. १९५९ साली सापडलेलं युरोपातलं सगळ्यात मोठं क्षेत्र. उपसा करता करता जमीन खचायला लागली, भूकंप व्हायला लागले. २०१२ साली हाउझिंगे गावाजवळचा धक्का ३.६ चा होता. आकडा लहान वाटतो, पण धक्का उथळ होता आणि घरं विटांची. लोकांनी पिच्छा पुरवला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवलं. खाली अजून काहीशे अब्ज घनमीटर गॅस आहे, तो तिथेच राहणार. साठा संपला नाही, परवानगी संपली.

आणि तिसरा प्रकार आपल्याच देशातला: साठा होता असं वाटलं, पण नव्हता. आंध्रात काकीनाड्यासमोरच्या समुद्रातलं केजी-डी६ हे गॅसक्षेत्र. २००२ मध्ये सापडलं, एप्रिल २००९ मध्ये गॅस सुरू झाला. दिवसाला आठ कोटी घनमीटरची तयारी होती. २०१० मध्ये सहा कोटींपर्यंत गेला आणि तिथून घसरगुंडी. मुख्य दोन क्षेत्रांचा अंदाज १० लाख कोटी घनफुटांवरून ३ वर आणावा लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या विहिरी थंड झाल्या. त्या गॅसच्या भरवशावर आंध्रात उभे राहिलेले वीजप्रकल्प मुंडावळ्या बांधून बसले, नवरी आलीच नाही. २०२४ मध्ये देशात गॅसवरची वीजनिर्मिती क्षमता २५ हजार मेगावॅटच्या आसपास होती आणि तिचा मोठा भाग वर्षभर झोपलेला असायचा. (त्याच समुद्रात डिसेंबर २०२० पासून नवी क्षेत्रं सुरू झाली आणि दिवसाला तीनेक कोटी घनमीटर गॅस परत यायला लागला, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर कोणीतरी कान पकडेल.)

मिरामारची_मुक्ता

मस्त प्रतिसाद काका. एक शंका. आपल्या समुद्राच्या तळाशी बर्फात अडकलेला गॅस आहे म्हणतात ना, हायड्रेट? आम्ही दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत शाळेची सहल घेऊन गेलो होतो, तेव्हा 'पेटणारा बर्फ' अशी एक गोष्ट ऐकून मुलं वेडी झाली होती. तो निघाला तर?

डंप_मोजणारा

मुलांना सांगितलं ते बरोबर. खोल समुद्रात थंडी आणि दाब यांमुळे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकतो. एक घनमीटर हायड्रेटमधून १६० घनमीटरच्या वर गॅस निघतो. २००६ मध्ये जॉइडिस रिझोल्युशन हे जहाज आणून भारताने चार ठिकाणी भोकं पाडली. केरळ-कोकण खोरं, म्हणजे आपली बाजू, तिथे हायड्रेट मिळालं नाही. चुनखडी गाळ मिळाला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र हायड्रेटचे जाड थर लागले.

आता गंमत बघा. देशातल्या हायड्रेटचा कागदी अंदाज १,८९४ लाख कोटी घनमीटर सांगतात. जगाच्या एकूण सिद्ध साठ्याच्या दहापट! आणि त्यातला 'साठा' किती? शून्य. व्यापारी पातळीवर तो काढून अजून कोणी दाखवलेला नाही. भाषणात १,८९४ येतो, चुलीवर शून्य.

पोकळ_बांबू

म्हणजे माझ्या आजोबांच्या मयेच्या जमिनीसारखं. कागदावर भाटकार, हातात नारळ नाही.

तारवटी

मी बाणावलीचा. मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे पडीक असतो. चुका सांभाळून घ्या. २२ वर्षं जहाजावर काढली, त्यातली शेवटची नऊ एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या जहाजांवर.

तुम्ही सगळे साठा साठा करताय, पण पर्वरीच्या शेगडीपर्यंत तो येतो कसा ते बघा. गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि सहाशेपट आकसतो. थर्मासमध्ये भरावा तसा टाक्यांत भरायचा. कितीही चांगला थर्मास असला तरी रोज थोडी वाफ होतेच, टाकीच्या हजाराव्या भागाएवढी किंवा थोडी जास्त. ती वाफ फुकट घालवत नाहीत, तिच्यावरच इंजिन चालतं. म्हणजे जहाज आपल्याच मालातला घास खात खात येतं. माझा चीफ म्हणायचा, पोदेर पाव वाटता वाटता स्वतः एक खातो तसं.

कतारच्या रास लफान बंदरातून निघालं की गुजरातच्या दहेजपर्यंत तीन-चार दिवस. होर्मुझची सामुद्रधुनी रात्री ओलांडायची झाली तर जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे सुकाणूच्या खोलीत, कोणी बोलत नाही. एका बाजूला इराण, एका बाजूला ओमान, आणि मधून जाण्या-येण्याच्या दोन गल्ल्या, प्रत्येकी दोन सागरी मैल रुंद. कतारचा सगळा एलएनजी या दारातून बाहेर पडतो. दुसरं दार नाही.

आता हिशेब. आपल्याकडे २००४ मध्ये आलेलं पहिलं एलएनजी जहाज 'दिशा', क्षमता १ लाख ३८ हजार घनमीटर द्रव. गुणिले सहाशे, म्हणजे सव्वाआठ कोटी घनमीटर गॅस. भारत रोज जाळतो अठरा-एकोणीस कोटी. एवढं अवाढव्य जहाज, फुटबॉलची अडीच मैदानं ओळीने मांडावीत तसं, आणि देशाला अर्धा दिवससुद्धा पुरत नाही! हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

सांजवात

तारवटीबाब, चुका कसल्या! रोज लिहा. म्हणजे माझ्या शेगडीत कतारचा गॅस येणार का?

तारवटी

नळीत सगळं मिसळतं, रेणूवर पत्ता नसतो. पण एक सांगतो. एलएनजी आयात करणारी आपली पेट्रोनेट कंपनी आणि कतार यांचा पुढचा वीस वर्षांचा करार कुठे झाला माहीत आहे? आपल्या बेतुलात. फेब्रुवारी २०२४, इंडिया एनर्जी वीक. २०२८ पासून वर्षाला ७५ लाख टन. गावातले लोक रस्त्यावरच्या गाड्या मोजत होते आणि आत २०४८ पर्यंतचा गॅस ठरत होता. बेतुलची माझी मावशी म्हणाली, "तिसऱ्या उन्हातलें सुंगट सुकत घातलां, तांच्या हेलिकॉप्टरान उडयलें." (सुंगट म्हणजे कोळंबी.)

निखारा

७५ लाख टन एलएनजी म्हणजे साधारण १,००० कोटी घनमीटर. देशाच्या सध्याच्या वापराचा सातवा हिस्सा, एकाच देशाकडून, एकाच दारातून. आपलं स्वतःचं उत्पादन वर्षाला ३,६०० कोटी घनमीटरच्या आसपास आणि वापर ६,७०० कोटींच्या वर. जवळजवळ निम्मा गॅस बाहेरचा. आपले सिद्ध साठे जगाच्या एक टक्कासुद्धा नाहीत. तरी लक्ष्य काय, तर ऊर्जेतला गॅसचा वाटा सहा-सात टक्क्यांवरून २०३० पर्यंत १५ टक्के.

भाव आठवतात का? २०२० च्या एप्रिल-मेमध्ये आशियात सुट्या एलएनजीचा भाव एका एमएमबीटीयूला (दहा लाख बीटीयू, हे उष्णतेचं माप) दोन डॉलरच्या खाली होता. युक्रेन युद्धानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ७० डॉलरच्या घरात. असा भाव खेळणाऱ्या वस्तूवर संसार कोण उभा करतं? मी गेल्या वर्षी इंडक्शन घेतलं, सुटलो.

वास्कोची_वीणा

निखारा, इंडक्शनची वीज कुठून येते? गोव्याची स्वतःची वीज नावापुरती. सांकवाळला नाफ्त्यावरचा (कच्च्या तेलातून निघणारं पातळ इंधन) ४८ मेगावॅटचा प्रकल्प होता, त्याच्याकडून वीज घेणंही कधीच थांबलं. आपली वीज येते कोरबा, विंध्याचलसारख्या ठिकाणांहून. कोळशाची. आणि ती आणणाऱ्या तारा कुठून न्यायच्या यावरून मोलेंच्या जंगलात काय रण पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच सुमारास रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक रुळांवर बसले होते, मीही होते. मेणबत्त्या, घुमट, आणि पहाटे चार वाजता कोणीतरी आणलेला पेजेचा डबा.

मी वास्कोत राहते. सकाळी खिडकीचा कठडा पुसला की फडकं काळं होतं. संध्याकाळी पुसलं तरी काळंच. कोणामुळे ते सोडा, त्यावर वेगळा धागा होईल आणि उडेलही. पण म्हणूनच मला गॅसबद्दल एवढा राग येत नाही. तेवढ्याच उष्णतेला कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन आणि राख नाही.

निखारा

जळला तर निम्मा. गळला तर? मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८-३० पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ऐंशीहून जास्त पट तापवतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत दोन-तीन टक्के जरी गळला तरी तुमचं 'निम्मं' विरघळलं. हे कठड्यावर दिसत नाही एवढाच फरक.

वास्कोची_वीणा

मान्य. पण मला जे दिसतं ते माझ्या मुलीच्या छातीत जातं. मी आधी त्याचं बघणार.

आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही. आमच्या बाजूला झुआरीनगरचा खत कारखाना आहे. पूर्वी तो नाफ्त्यावर चालायचा. दाभोळ-बेंगळुरू पाईपलाईनची गोव्याची फांदी बेळगावच्या बाजूने आली आणि २०१३ च्या सुमारास तो गॅसवर गेला. गोव्यात गॅस आला तो आपल्या चहासाठी नव्हे, युरियासाठी. मिथेनमधला हायड्रोजन, हवेतला नायट्रोजन, दोघांचा अमोनिया, त्याचा युरिया. देशात सगळ्यात जास्त गॅस खातं ते खतच. म्हणजे इंडक्शनवर भात शिजवलात तरी तो भात गॅसवरच वाढलेला असतो, निखारा. (खाजनातला, म्हणजे खाऱ्या जमिनीतला, कोरगुट तांदूळ खाल्लात तर गोष्ट वेगळी, त्याला युरिया फारसा लागत नाही. पण कोरगुट मिळतो कुठे आता!)

आणि नाफ्त्याचं प्रेम कोणाला वाटत असेल तर ऑक्टोबर २०१९ आठवा. नाफ्ता भरलेलं 'नू शी नलिनी' दोना पावलाच्या खडकांवर अडकलं होतं, राजभवनाच्या खाली. किती दिवस आम्ही वाऱ्याची दिशा बघून झोपत होतो.

निखारा

युरियाचा मुद्दा बिनतोड आहे, टोपी काढली. तिथे हिरव्या हायड्रोजनशिवाय (सौर-पवन विजेने पाण्यातून काढलेल्या) सुटका नाही. जानेवारी २०२३ ची केंद्राची मोहीम १९,७४४ कोटींची आहे आणि लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. तोवर गॅसच. स्वयंपाकाबाबत मात्र मी मागे हटत नाही.

रेवोड्याचा

दाभोळचं नाव निघालंच आहे तर... एन्रॉनच्या वेळी मी गुहागरला मामाकडे होतो. सगळे विजेच्या दराबद्दल भांडत होते. एलएनजीचं टर्मिनल तिथेच होणार होतं ते झालं, पण ब्रेकवॉटर नसल्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाजं लावता येत नव्हती. अरबी समुद्र जूनमध्ये कसा असतो हे दाभोळच्या कुठल्याही कोळणीने फुकट सांगितलं असतं.

संपादक मंडळ

एन्रॉनवरून सुरू झालेले राजकीय स्वरूपाचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. विषयाला धरून लिहावे.

डंप_मोजणारा

चर्चा भरकटली तरी छान भरकटली. सांजवातच्या प्रश्नाकडे येतो.

तुमच्या शेगडीपुरतं बघायचं तर जगाच्या १८८ लाख कोटींशी तुमचा संबंध नाही आणि कतारशीही थेट नाही. घरगुती पाईप गॅस आणि सीएनजी यांना देशातल्या जुन्या विहिरींचा स्वस्त गॅस प्राधान्याने द्यायचा असं धोरण आहे. एप्रिल २०२३ पासून त्याचा भाव कच्च्या तेलाच्या दहा टक्के, आणि तेव्हा कमाल मर्यादा ठेवली होती त्याच मापाला साडेसहा डॉलर. म्हणून २०२२ सारखा ७० डॉलरचा भडका थेट तुमच्या बिलात उतरत नाही. पण त्या जुन्या विहिरी म्हणजे मुख्यतः मुंबई हाय आणि वसईसमोरचं क्षेत्र. मुंबई हाय सापडलं १९७४ मध्ये, सागर सम्राटने. पन्नाशी उलटली! म्हातारी गाय, दूध आटतंय. २०२४ च्या शेवटी शहरातल्या गॅस कंपन्यांना मिळणारा हा स्वस्त वाटा कापला गेला, तो यामुळेच. जेवढा कापला तेवढा महागातला घ्यायचा. तुमच्या काकांनी भ्यायचंच असेल तर या आटणाऱ्या दुधाला भ्यावं.

सिलिंडर घेतलात तर तिथेही सुटका नाही. एलपीजी तर साठ टक्क्यांच्या आसपास आयात आणि तोही बराचसा त्याच आखातातून, तारवटीबाबांच्या त्याच दारातून.

मिरामारची_मुक्ता

मग घरगुती हिशेब कसा करायचा? मला आकडे दिसले की झोप येते, सोपं सांगा.

तारवटी

मी बायकोला लिहून दिलेला कागद उतरवतो. १४.२ किलोचा एक सिलिंडर = पाईपच्या गॅसचे १७-१८ घनमीटर. सिलिंडरच्या किमतीला १७ ने भागा. पाईपचा दर त्यापेक्षा कमी असेल तर पाईप स्वस्त.

इंडक्शनसाठी: एक घनमीटर गॅसमध्ये उष्णता साधारण १० युनिटची, पण शेगडीची निम्म्याहून जास्त भांड्याच्या कडेने निघून जाते. इंडक्शनची बरीच कमी जाते. म्हणून एक घनमीटर गॅसचं काम साधारण पाच युनिट विजेत होतं. आपल्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, पाचाने गुणा आणि पाईपच्या एका घनमीटरच्या दराशी ताडून बघा. बायकोने गुणलं आणि मला सांगितलं, "तुझें इंडक्शन तूंच वापर, म्हाका भाकरी भाजपाक उजो जाय." (उजो म्हणजे विस्तव.)

निखारा

बाईंचा मुद्दा बरोबर आहे. भाकरी इंडक्शनवर फुगत नाही. मी ती विकत आणतो. हे कबूल करायला मला एक वर्ष लागलं.

फोंड्याची_मावशी

अहो, साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस करून वीज काढतात ना? तोच शुद्ध करून पाईपात सोडला तर? आमच्या घरचं नारळाचं किसून उरलेलं आणि माशांची खवलंच पुरतील.

निखारा

मावशी, मिथेन तो मिथेनच, कचऱ्यातला असो की कतारचा. २०२५-२६ पासून शहर गॅस कंपन्यांना एक टक्का असा गॅस मिसळणं बंधनकारक केलंय, २०२८-२९ पर्यंत पाच टक्के. अडचण एवढीच की ओला-सुका वेगळा हवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या बांगड्याच्या डोक्यांपासून गॅस होत नाही, नुसता वास होतो.

वास्कोची_वीणा

सांजवात, आईंचं राहिलंच. सुरक्षेचं सांगते, आमच्याकडे दोन वर्षं पाईप आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीवर साचतो, ओट्याखाली, फ्रिजमागे. पाईपचा हवेपेक्षा हलका, वर जातो. म्हणून सिलिंडरवाल्यांनी दार उघडावं आणि पाईपवाल्यांनी छताजवळची जाळी मोकळी ठेवावी. आमच्याकडे ती जाळी सासूबाईंनी डास येतात म्हणून पुठ्ठा लावून बंद केली होती. बसवायला आलेल्या मुलाने स्टुलावर चढून पुठ्ठा काढला आणि त्यांच्या हातात दिला, एक शब्द बोलला नाही.

दुसरं, तुमची जुनी शेगडी चालेल, पण बर्नरखालचा पितळी जेट बदलावा लागतो. पाईपच्या गॅसचा दाब कमी आणि दमही कमी, म्हणून भोक मोठं लागतं. तो मुलगा दोन्ही जेट तळहातावर ठेवून दाखवत होता. एकातून शिवणाची सुई जेमतेम जाईल, दुसऱ्यातून गोधडीची. जेट न बदलता जोडलं तर ज्योत पणतीएवढी येते आणि आई म्हणणार, बघ, सांगत नव्हते! बदललं तरी पहिले आठ दिवस आच मंद वाटते. आमच्या खतखत्याला पहिल्यांदा दीड तास लागला.

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धा धागा आईला वाचून दाखवला. साठ्याच्या गणितावर म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांच्या पेन्शनसारखं, दर वर्षी संपणार संपणार म्हणतात." एलएनजीचं अख्खं जहाज देशाला अर्धा दिवस पुरत नाही हे ऐकून मात्र गप्प झाली आणि उठून शेगडी बारीक केली.

ठरलं असं: चवथीनंतर पाईप घेतोय. चवथीला नेवऱ्या तळायच्या वेळी तिला नवीन आच नको. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना काल जिन्यात १९८० चा भागाकार सांगितला. ते म्हणाले, "मग मी पण नाव देतो, पण आधी तुमच्याकडे बघेन."
गवंडी गुरुवारी येतोय, छताजवळ भोक पाडायला.

फोंड्याची_मावशी

भोकाला बारीक जाळी लाव हो. आमच्याकडे पाकोळीने घरटं केलं.